बंदुकीची नळी ते वाइनचं पिंप : भांडं व्हिस्कीची चव कशी बदलतं?

बऱ्हाणपूर : मद्य ज्या भांड्यात ठेवलं, त्या भांड्याचा गुण उचलतं. याची सगळ्यात वाईट नोंद बऱ्हाणपूरच्याच नावावर आहे. अकबराचा मुलगा शहजादा दानियाल दख्खनचा कारभार बघायला इथं होता आणि दारूच्या पूर्ण आहारी गेला होता. त्याच्यापर्यंत दारू पोहोचू नये म्हणून खानखानान अब्दुर्रहीमच्या माणसांचा पहारा बसला. तेव्हा त्याने आपल्या एका सेवकाकरवी आवडत्या बंदुकीच्या नळीतून दारू मागवली. जहांगीरने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय, की दोनदा गाळलेल्या त्या कडक दारूत नळीतला गंज आणि बारुदीचा अंश विरघळला. ती पिऊन दानियाल जो पडला, तो पुन्हा उठला नाही. ही गोष्ट १६०५ च्या सुमाराची.

आज दुकानांत 'वाइन कास्क फिनिश', 'शेरी कास्क', 'पोर्ट पाइप' असं लिहिलेल्या व्हिस्कीच्या बाटल्या दिसतात आणि त्यांची किंमत साध्या बाटलीपेक्षा चढी असते. त्यामागचं तत्त्व तेच आहे : कडक मद्य भांड्यातून काहीतरी ओढून घेतं. फरक इतकाच, की इथं भांडं विचारपूर्वक निवडलेलं असतं. हे जादा पैसे कशाचे, चव कशी ओळखायची आणि सीमाभागातल्या माणसाने काय सांभाळायचं, त्याची ही माहिती.

पिंप नेमकं काय करतं?

भट्टीतून निघालेली व्हिस्की पाण्यासारखी रंगहीन असते. सोनेरी, तांबूस रंग येतो तो ओकच्या लाकडाच्या पिंपातून. (बऱ्याच कंपन्या वरून कॅरॅमल रंगही घालतात. स्कॉचच्या नियमांतसुद्धा त्याला परवानगी आहे.) पिंप तयार करताना आतून भाजतात किंवा जाळून कोळशाचा थर आणतात. भाजलेल्या लाकडातून व्हॅनिलासारखा गोड वास, खोबऱ्याची छटा, मसाल्याची चव आणि तुरटपणा मद्यात उतरतो. कोळशाचा थर कच्च्या मद्यातले उग्र, गंधकी वास शोषून घेतो. लाकडातून थोडी हवाही आत-बाहेर होत राहते, त्यामुळे मद्य मऊ होतं.

पण सगळीच चव पिंपातून येत नाही. कोवळ्या व्हिस्कीत पुष्कळदा पिकलेल्या केळ्याचा वास येतो. आयसोअमाइल ॲसिटेट नावाचं जे द्रव्य केळ्यात असतं, तेच आंबवणाच्या वेळी यीस्टही तयार करतं. बऱ्हाणपूर-रावेरच्या केळीपट्ट्यातल्या माणसाला हा वास कुणी शिकवायची गरज नाही.

'फिनिश' या शब्दाचे दोन अर्थ

इथं ग्राहकाचा हमखास गोंधळ होतो. घोट गिळल्यावर तोंडात जी चव रेंगाळते, तिलाही 'फिनिश' म्हणतात. 'कास्क फिनिश' मात्र वेगळं. व्हिस्की आधी एका पिंपात, बहुतेक वेळा अमेरिकन बर्बनच्या जुन्या पिंपात, काही वर्षं मुरते. नंतर ती दुसऱ्या पिंपात हलवतात आणि तिथं काही आठवडे ते दोनेक वर्षं ठेवतात. या शेवटच्या मुक्कामाला कास्क फिनिश म्हणतात.

बर्बनची पिंपं स्वस्तात मिळतात त्याला कारण कायद्याचं आहे. अमेरिकेत बर्बन नव्या, जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. एकदा वापरलेलं सुमारे २०० लिटरचं पिंप मग जगभर विकलं जातं. शेरीची गोष्ट उलटी आहे. पूर्वी स्पेनहून शेरी पिंपातूनच ब्रिटनला जायची आणि रिकामी पिंपं स्कॉटलंडच्या व्हिस्कीवाल्यांना आयती मिळायची. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागली आणि ही पिंपं दुर्मिळ झाली. आता व्हिस्कीसाठी म्हणून मुद्दाम पिंपात शेरी भरून, ती मुरवून पिंपं तयार करतात. हा खर्च बाटलीच्या किमतीत येतो.

अशी दोन पिंपांतली व्हिस्की लोकांत रुजवण्यात स्कॉटलंडच्या बाल्वेनी डिस्टिलरीची १९९३ मध्ये आलेली 'डबलवुड' महत्त्वाची ठरली. तिची वाट आधी बर्बन आणि मग शेरी अशी होती.

कोणत्या पिंपातून कोणती चव?

- बर्बन पिंप : व्हॅनिला, मध, खोबरं. रंग सोनेरी.
- ओलोरोसो शेरी : अक्रोड, सुकं अंजीर, मनुका. गोडी बेताची.
- पेद्रो हिमेनेस शेरी : ही उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची वाइन. काकवी, खजूर, काळे मनुके. बऱ्हाणपूरच्या मावा जिलेबीचा पाक थोडा जास्त शिजला, की जो गडद गोड वास सुटतो, त्याच्या जवळचा.
- पोर्ट पाइप : पोर्तुगालच्या गोड लाल वाइनचं सुमारे ५५० लिटरचं लांबट पिंप. जांभूळ, आलुबुखार, लालसर छटा.
- साध्या लाल वाइनचं पिंप (कॅबर्ने, शिराझ वगैरे) : आंबटगोड फळं, मिरीचा तिखटपणा आणि ठळक तुरटपणा.

हा तुरटपणा टॅनिनचा. कच्चं केळं चावल्यावर जीभ-टाळू आखडतात, तेही टॅनिनमुळेच. वाइनच्या पिंपात व्हिस्की गरजेपेक्षा जास्त दिवस राहिली, तर हाच तुरटपणा सगळ्यावर स्वार होतो. दुसरा दोष गंधकाचा. रिकामं पिंप खराब होऊ नये म्हणून काही ठिकाणी आत गंधक जाळतात. ते नीट निघालं नाही, तर ग्लासात विझवलेल्या काडेपेटीच्या काडीचा वास येतो. म्हणजे वाइनचं पिंप वापरलं की व्हिस्की चांगलीच होते, असं नाही. मूळ व्हिस्की फिकी असेल तर तिच्यावर गोड वाइनचा मुलामा चढवायलाही फिनिश वापरतात.

उष्ण हवेचा हिशेब

पिंपातून दरवर्षी थोडं मद्य उडून जातं. याला 'एंजल्स शेअर', म्हणजे देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडमध्ये तो वर्षाला साधारण २ टक्के धरतात. बंगळूरमध्ये अमृत डिस्टिलरीचा अनुभव १० ते १२ टक्क्यांचा आहे. कारखान्यात यंत्रावर घटत्या शिल्लक पद्धतीने घसारा धरतात, तसाच हा हिशेब. २०० लिटरच्या पिंपातून २ टक्क्यांनी १२ वर्षांनंतर सुमारे १५७ लिटर उरतं. १० टक्क्यांनी ५ वर्षांत ११८ लिटर आणि १२ वर्षांत जेमतेम ५६ लिटर.

पण उष्णतेत मद्य लाकडात झपाट्याने मुरतं, त्यामुळे चवही लवकर चढते. भारतीय सिंगल माल्टवर वयाचा आकडा बहुधा नसतो किंवा लहान असतो, त्यामागे हे मोठं कारण आहे. 'वय कमी म्हणजे माल हलका' हे स्कॉटलंडचं माप इथं जसंच्या तसं लागू पडत नाही. फिनिशलाही तेच लागू. थंड प्रदेशात वाइनच्या पिंपात जे व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात, ते उष्ण हवेत त्याआधी होतं आणि हाताबाहेरही तितक्याच लवकर जातं. उष्ण हवेतही हे उत्तम जमू शकतं याचा दाखला तैवानने दिला. कावालान डिस्टिलरीची वाइनच्या पिंपात मुरवलेली 'सोलिस्ट विन्यो बारीक' २०१५ मध्ये वर्ल्ड व्हिस्कीज अवॉर्ड्समध्ये जगातली सर्वोत्तम सिंगल माल्ट ठरली.

नाशिक, गोवा आणि पलीकडे

मराठी मुलखातलं सगळ्यात जवळचं उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीचं. द्राक्षांच्या आणि वाइनच्या या तालुक्यात पेर्नो रिकार कंपनी 'लाँजिट्यूड ७७' ही सिंगल माल्ट बनवते. २०२२ च्या अखेरीस ती बाजारात आली. आधी बर्बनच्या पिंपात मुरवून तिला वाइनच्या पिंपात फिनिश दिलं जातं. नावातला ७७ अंश पूर्व रेखांश भारताला उभा छेदतो आणि आपल्या बाजूला तो अकोल्याजवळून जातो. बऱ्हाणपूर त्याच्या थोडं पश्चिमेला आहे.

गोव्यात कुंकळ्ळीला जॉन डिस्टिलरीजची 'पॉल जॉन' बनते. त्यांच्याकडे ओलोरोसो आणि पेद्रो हिमेनेस शेरीच्या पिंपांतल्या बाटल्या आहेत. बंगळूरच्या अमृतने 'पोर्टोनोवा'साठी वेगळी वाट घेतली : आधी बर्बन आणि नवा ओक, मग पोर्ट पाइप, मग पुन्हा बर्बन. हरियाणाच्या 'इंद्री त्रिनी'मध्ये बर्बन, फ्रेंच वाइन आणि पेद्रो हिमेनेस अशी तीन पिंपं आहेत.

भारतीय वाइनच्या पिंपाचं ठळक उदाहरण मात्र उत्तर प्रदेशातल्या रामपूरचं. तिथल्या 'रामपूर आसव'ला भारतीय कॅबर्ने सोव्हिन्यों वाइनच्या पिंपात फिनिश दिलं जातं. आसव हा शब्द आपल्याकडे द्राक्षासवामुळे घरोघरी माहीत आहे. व्हिस्कीच्या बाटलीवर तो आला, हे वाचून बऱ्याच आजोबांना गंमत वाटेल.

चव कशी घ्यावी?

१. ग्लास वर निमुळता असावा, म्हणजे वास एकवटतो. रुंद तोंडाच्या ग्लासात वास उडून जातो.
२. १५-२० मिली पुरे. बर्फ नको, कारण थंडीने वास दबतो. मे महिन्यात बऱ्हाणपुरात खोलीचं तापमान हे माप चालत नाही. कूलरसमोर किंवा रात्री उशिरा चव घेतलेली बरी.
३. ग्लास नाकाला चिकटवू नये. तोंड किंचित उघडं ठेवून हलका श्वास घ्यावा. आधी काय आठवतं ते बघावं : मनुका, चिंच, जांभूळ, गूळ, लाकूड?
४. छोटा घोट घेऊन तो जिभेवर फिरवावा. गोडी आधी येते, तुरटपणा शेवटी येतो.
५. मग पाण्याचे चार-पाच थेंब टाकून पुन्हा वास घ्यावा. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर मांडणी करून दाखवलं, की मद्य पातळ केलं की ग्वायाकोल हे धुरकट वासाचं द्रव्य पृष्ठभागाकडे सरकतं.

वाइन फिनिश खरंच कळायचं असेल तर जोडीने चव घ्यावी. एका ग्लासात फक्त बर्बन पिंपातली, दुसऱ्यात वाइन फिनिशची. शक्यतो एकाच डिस्टिलरीची. एकटी बाटली घेऊन 'द्राक्षं लागतात' म्हणणं म्हणजे लेबल वाचून चव सांगणं. आणि जेवणाच्या मसाल्यानंतर, तंबाखू-गुटख्यानंतर हे काही कळत नाही.

लेबलवर काय बघायचं?

- 'सिंगल माल्ट' लिहिलंय का? भारतात व्हिस्की म्हणून खपणाऱ्या पुष्कळ मालात उसाच्या मळीचं अल्कोहोल असतं. युरोपीय संघ अशा मालाला व्हिस्की मानतच नाही.
- 'मॅचर्ड' आणि 'फिनिश्ड' यांत फरक आहे. पहिल्यात मुख्य काळ त्या पिंपात जातो, दुसऱ्यात शेवटचा काही काळच.
- वाइनचं नाव दिलंय का? ओलोरोसो, पोर्ट, कॅबर्ने असं स्पष्ट असेल तर बरं. नुसतं 'वाइन कास्क' म्हणजे माहिती अर्धी.
- अल्कोहोलचं प्रमाण : भारतात ४२.८ टक्के सर्रास दिसतं. ४६ किंवा जास्त असेल तर पिंपाची चव अधिक उतरलेली मिळते.

सीमेवरचा कायदा

दारूवरचा कर राज्याचा विषय आहे. म्हणून तीच बाटली बऱ्हाणपुरात एका भावाला आणि रावेरला दुसऱ्या भावाला मिळते. इच्छापूर ओलांडलं की खातं बदलतं : इकडे आबकारी विभाग, तिकडे राज्य उत्पादन शुल्क. बाटलीवर कोणत्या राज्यात विक्रीसाठी आहे ते छापलेलं असतं. एका राज्याचा कर भरलेली बाटली परवानगीशिवाय दुसऱ्या राज्यात नेणं हा गुन्हा आहे. 'बिल आहे ना' हे कारण तिथं चालत नाही. लग्नसराईत, पाहुण्यांसाठी म्हणून दोन-चार बाटल्या गाडीत टाकणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

वयाची अटही वेगळी. मध्य प्रदेशात २१ वर्षं. महाराष्ट्रात वाइन-बिअरला २१, पण व्हिस्कीला २५, आणि पिण्यासाठी परवाना लागतो तो वेगळाच. महाग बाटल्यांत बनावट मालही फिरतो, त्यामुळे होलोग्राम आणि सील तपासल्याशिवाय, ओळखीच्या माणसाकडून 'स्वस्तात' बाटली घेऊ नये.

राहिला पैशांचा प्रश्न. वाइनच्या पिंपाचे जादा पैसे द्यायचे, तर ते दोन गोष्टींचे द्यावेत : मूळ व्हिस्की दमदार असेल आणि पिंपाचं नाव-गाव लेबलवर स्पष्ट असेल. पिंप चव बदलतं, पण आतलं अल्कोहोल तेच राहतं, आणि ते शरीराला अपायकारकच आहे. दानियाल वारला तेव्हा तो जेमतेम तिशी ओलांडलेला होता. त्याच बऱ्हाणपुरात १६२६ मध्ये जहांगीरचा मुलगा परवेझही दारूपायी गेला. त्याच्या वेळी बंदुकीची नळी नव्हती.