वेलकम स्क्रीन कोणी पळवला?

विंडोज एक्सपी वापरलेल्या बऱ्याच जणांनी हा प्रकार पाहिला असेल. काल रात्रीपर्यंत निळा वेलकम स्क्रीन, त्यावर रबरी बदक नाहीतर फुटबॉलचं चित्र, एक क्लिक केलं की आत. सकाळी बघावं तर नाव आणि पासवर्ड विचारणारी रुक्ष चौकट! बंद करायला जावं तर पिवळं-लाल-हिरवं बटण गायब, त्याजागी जुनाट ड्रॉपडाऊन. पहिला संशय अर्थातच व्हायरसवर. पण येतानाचा आणि जातानाचा, दोन्ही स्क्रीन एकदमच का बदलावेत?

थोडं मागे जाऊ. १९९५ च्या विंडोज ९५ मध्ये बंद होतानाचे स्क्रीन म्हणजे नुसती चित्रं होती. 'आता कॉम्प्युटर बंद केलात तरी चालेल' हा नारिंगी अक्षरांतला निरोप आठवतोय? तो लोगोएस.सिस या फाइलमध्ये असायचा. एक्स्टेंशन भारदस्त, आत मात्र साधी बिटमॅप. पेंटमध्ये उघडा, हवं ते रंगवा, सेव्ह करा. लॉगिनही नावापुरतंच, पासवर्डच्या चौकटीत एस्केप दाबलं की माणूस आत! त्यामुळे स्क्रीन बदलला तर फार तर कोणाचा तरी चावटपणा.

१९९३ पासूनच्या विंडोज एनटीच्या घराण्यात मात्र हे चालत नव्हतं. तिथे लॉगिन सांभाळायचा विनलॉगऑन, पण माणसांशी बोलायचं काम त्याने 'जीना' नावाच्या डीएलएलवर सोपवलं होतं. जीना म्हणजे ग्राफिकल आयडेंटिफिकेशन अँड ऑथेंटिकेशन. लॉगिनची चौकट तिची, लॉक करणं तिचं आणि शट डाऊनची चौकटही तिचीच. सोसायटीच्या गेटवर आत सोडणारा आणि बाहेर सोडणारा वॉचमन एकच असतो, तसं.

गंमत म्हणजे हा वॉचमन बदलता यायचा. रजिस्ट्रीत 'जीनाडीएलएल' या नावापुढे दुसरी फाइल लिहिली की मायक्रोसॉफ्टची एमएसजीना बाजूला. स्मार्ट कार्डवाल्यांना, नॉव्हेलसारख्या नेटवर्कवाल्यांना ही सोय हवीच होती. २००१ मध्ये एक्सपी आलं आणि त्याचा देखणा वेलकम स्क्रीन मात्र फक्त एमएसजीनाबरोबरच चालायचा. व्हीपीएन किंवा रिमोट कंट्रोलचा एखादा प्रोग्रॅम स्वतःची जीना घेऊन आला की वेलकम स्क्रीन बंद, फास्ट युजर स्विचिंग बंद, तीन रंगीत बटणंही बंद. (मशीन कंपनीच्या डोमेनमध्ये जोडलं तरी तेच व्हायचं.)

गुन्हेगार शोधणं सोपं होतं. कंट्रोल पॅनेलमध्ये युजर अकाउंट्समध्ये वेलकम स्क्रीन परत चालू करायला गेलं की एक्सपी फाइलचं नावच सांगायचं. एनडब्ल्यूजीना म्हणजे नॉव्हेल, एडब्ल्यूजीना म्हणजे पीसीएनीव्हेअर, सीएसजीना म्हणजे सिस्कोचं व्हीपीएन. उपाय म्हणजे तो प्रोग्रॅम नीट अनइन्स्टॉल करणं. ती डीएलएल नुसती डिलीट केली तर मात्र फजिती! रजिस्ट्री हरवलेल्या वॉचमनलाच हाक मारत राहायची आणि लॉगिनच व्हायचं नाही.

उलटाही प्रकार होता. एकट्याचं, बिनपासवर्डचं मशीन थेट डेस्कटॉपवर जायचं. डॉट नेट १.१ टाकलं की त्यात एएसपीनेट नावाचं खातं तयार व्हायचं आणि अचानक वेलकम स्क्रीन थांबवायला लागायचा.

आता खरी काळजीची गोष्ट. जीनाच्या हातात पासवर्ड जसाच्या तसा पडायचा. व्हीपीएनची जीना बसते, तशीच चोराचीही बसू शकते, आणि चोर हुशार असेल तर स्क्रीन अजिबात बदलणार नाही. म्हणजे डोळ्यांना दिसणारा बदल बहुतेक वेळा निरुपद्रवी, आणि धोकादायक बदल दिसतच नाही.

२००७ मध्ये सर्वांच्या हाती आलेल्या व्हिस्टाने जीना काढून टाकली आणि क्रेडेन्शियल प्रोव्हायडर आणले. आता स्क्रीन विंडोजचाच राहतो, बाहेरचा प्रोग्रॅम त्यावर आपला पर्याय जोडतो. चोरटा प्रोव्हायडर अजूनही पासवर्ड टिपू शकतो. त्यामुळे लॉगिनचा स्क्रीन बदलला की चिडण्याआधी काल काय इन्स्टॉल केलं ते आठवावं. आणि बदलला नसला, तरी अ‍ॅडमिनचे हक्क मागणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला 'यस' म्हणू नये.