आर्सेनिक व कर्करोग

आर्सेनिक या मूलद्रव्याची अकार्बनी संयुगे अल्प मात्रेत परंतु दीर्घकाळ शरीरात जात राहिल्यास त्वचा, फुप्फुस व मूत्राशय यांचा कर्करोग उद्‌भवतो, ही गोष्ट आता निर्विवाद मानली जाते. यकृत, वृक्क (मूत्रपिंड) व अष्ठीला ग्रंथी यांच्या कर्करोगाशीही त्याचा संबंध आढळला आहे. आर्सेनिक हे विष आहे हे मानवास प्राचीन काळापासून ठाऊक होते. ते कर्करोगकारक आहे हे मात्र फार उशिरा मान्य झाले. मोठ्या मात्रेने काही तासांत वा दिवसांत मृत्यू येतो, त्यामुळे कारण व परिणाम यांचा संबंध सहज ध्यानात येतो. अल्प मात्रेचा परिणाम वीस ते चाळीस वर्षांनी दिसतो. तोपर्यंत कारण विस्मृतीत गेलेले असते. या विलंबामुळेच आर्सेनिकजन्य कर्करोगाचा इतिहास हा मुख्यत्वे उशिरा झालेल्या उलगड्यांचा इतिहास ठरला आहे.

पूर्वपीठिका : आर्सेनिकाची तीन द्रव्ये भारतीयांच्या पूर्वापार परिचयाची आहेत. आर्सेनिकाचे पांढरे ऑक्साइड म्हणजे सोमल, पिवळे सल्फाइड म्हणजे हरताळ आणि तांबडे सल्फाइड म्हणजे मनशीळ होय. रसशास्त्रात ही तिन्ही द्रव्ये शोधनानंतर औषधांत वापरली जात. हस्तलिखित पोथ्यांतील चुकीची अक्षरे झाकण्यासाठी त्यांवर हरताळाचा लेप देत. मराठीतील ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच रूढ झाला. पांढऱ्या सोमलास फारशी चव वा वास नसतो आणि पाण्यात विरघळल्यावर त्याचा रंगही दिसत नाही. यामुळे विषप्रयोगासाठी त्याचा वापर होई. १८३६ मध्ये जेम्स मार्श या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी आर्सेनिक ओळखण्याची संवेदनशील कसोटी प्रसिद्ध केली व अशा विषप्रयोगांचा पुरावा न्यायालयात मांडणे शक्य झाले.

औषधापासून संशयापर्यंत : १७८६ मध्ये टॉमस फाउलर (१७३६–१८०१) या इंग्रज वैद्यांनी पोटॅशियम आर्सेनाइटाचा सुमारे एक टक्क्याचा विद्राव हिवतापासारख्या तापांवर सुचविला. ‘फाउलर विद्राव’ या नावाने तो पुढे दीडशेहून अधिक वर्षे दमा, सोरायसिस, रक्ताचा कर्करोग इ. अनेक विकारांवर दिला जात असे. १९१० मध्ये पाउल एर्लिख (१८५४–१९१५) यांचे उपदंशावरील साल्व्हर्सान हे आर्सेनिकयुक्त औषध प्रचारात आले. आर्सेनिक वैद्यकात इतके प्रतिष्ठित असताना त्याच्याविषयीच्या शंकेकडे दुर्लक्ष होणे स्वाभाविक होते. जॉन एर्टन पॅरिस यांनी १८२० मध्येच कॉर्नवॉलमधील धातू वितळविण्याच्या भट्ट्यांच्या परिसरात आर्सेनिकाच्या धुराचा व वृषणकोशाच्या कर्करोगाचा संबंध सूचित केला होता. १८८७ च्या सुमारास जॉनाथन हचिन्सन (१८२८–१९१३) यांनी अधिक निश्चित निरीक्षण नोंदविले. त्वचाविकारांसाठी अनेक वर्षे आर्सेनिक घेतलेल्या रुग्णांच्या तळहातांवर व तळपायांवर प्रथम कठीण गाठी उठतात आणि पुढे त्यांतील काहींचे कर्करोगात रूपांतर होते, असे त्यांना आढळले. औषधच रोगाचे कारण असू शकते ही कल्पना त्या काळी सहजासहजी स्वीकारली गेली नाही.

दीर्घकालीन विषबाधा ओळखणे किती अवघड असते, हे १९०० मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर व आसपासच्या भागात दिसून आले. तेथे सहा हजारांहून अधिक लोकांना हातापायांची बधिरता, अशक्तपणा व त्वचेवर डाग ही लक्षणे झाली आणि किमान ७० जण मरण पावले. प्रारंभी हा मद्यपानाचा परिणाम मानण्यात आला. प्रत्यक्षात बिअर तयार करण्यासाठी वापरलेल्या शर्करेत आर्सेनिक होते व ते ती शर्करा बनविताना वापरलेल्या अशुद्ध सल्फ्यूरिक अम्लातून आले होते. कारखान्यांतील धोक्याचा भक्कम पुरावा याहून उशिरा मिळाला. अमेरिकेतील तांबे वितळविणाऱ्या ८,०४७ कामगारांच्या १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण अपेक्षेच्या सुमारे तिप्पट आढळले.

पाण्यातील आर्सेनिक : औषध वा कारखाना यांचा संबंध मर्यादित लोकांशी येतो, पिण्याच्या पाण्याचा संबंध सर्वांशी असतो. तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील खेड्यांत विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत खोल विहिरी खोदण्यात आल्या होत्या. तेथे पाय काळे पडून सडण्याचा विकार व त्वचेचा कर्करोग वाढल्याचे दिसले. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ४०,४२१ लोकांची तपासणी करण्यात आली आणि दर हजारी १०.६ व्यक्तींना त्वचेचा कर्करोग असल्याचे आढळले. पाण्यात आर्सेनिक जितके अधिक तितके हे प्रमाण अधिक होते. १९८५ मध्ये चिएन-जेन चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच भागात मूत्राशय, वृक्क, फुप्फुस व यकृत यांच्या कर्करोगांनी होणारे मृत्यूही अधिक असल्याचे दाखविले. त्वचेचा कर्करोग डोळ्यांस दिसतो म्हणून तो आधी सापडला. आतील इंद्रियांचे कर्करोग मागाहून उघडकीस आले.

चिलीमधील आंतोफागास्ता शहराचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. १९५८ मध्ये या शहरास नवीन नद्यांचे पाणी देण्यात आले. त्यात लिटरमागे आठशेहून अधिक मायक्रोग्रॅम आर्सेनिक होते. १९७० मध्ये शुद्धीकरण केंद्र सुरू झाल्यावर हे प्रमाण वेगाने खाली आले. संपर्काचा आरंभ व शेवट इतका स्पष्ट असल्याने त्याचे परिणाम कालानुक्रमे मोजता आले. फुप्फुस व मूत्राशय यांच्या कर्करोगाचे मृत्यू १९७० नंतर घटले नाहीत, उलट पुढील दोन दशके वाढत गेले. गर्भावस्थेत वा बालपणी हे पाणी ज्यांच्या पोटात गेले, त्यांना तरुण वयातही फुप्फुसाच्या विकारांनी मृत्यू येण्याचे प्रमाण अधिक होते.

भारतात या प्रश्नाकडे लक्ष वेधले गेले ते १९८३ मध्ये. कलकत्त्याच्या ‘स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन’ या संस्थेतील त्वचारोगतज्ज्ञ क्षितीशचंद्र साहा यांनी चोवीस परगणा जिल्ह्यातून आलेल्या रुग्णांच्या त्वचेवरील डाग व गाठी पाहून कूपनलिकांच्या पाण्यातील आर्सेनिकाचे निदान केले. पुढे जादवपूर विद्यापीठातील दीपंकर चक्रवर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी गंगेच्या गाळाच्या प्रदेशात विस्तृत पाहण्या केल्या. बांगलादेशात १९९३ मध्ये हीच बाब आढळली. तळी व विहिरी यांच्या दूषित पाण्यामुळे होणारे पटकी व अतिसारासारखे रोग टाळावेत, या सद्‌हेतूने तेथे लाखो कूपनलिका खोदण्यात आल्या होत्या. त्यांचे पाणी जंतुरहित होते. परंतु त्याची आर्सेनिकासाठी तपासणी झालेली नव्हती. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार तेथील ३.५ ते ७.७ कोटी लोकांना या विषारी पाण्याचा धोका होता.

कोशिकांवरील परिणाम : आर्सेनिक शरीरात मुख्यत्वे दोन रूपांत जाते. पंचसंयुजी रूप (आर्सेनेट) हे फॉस्फेटासारखे असल्याने फॉस्फेटाच्याच मार्गाने कोशिकेत (पेशीत) शिरते आणि ऊर्जा साठविणाऱ्या संयुगांत फॉस्फेटाची जागा घेते. अशी संयुगे अस्थिर असल्याने तत्काळ विघटित होतात व ऊर्जा वाया जाते. त्रिसंयुजी रूप (आर्सेनाइट) ग्लिसरीन वाहून नेणाऱ्या प्रथिन-मार्गांतून आत जाते. ते प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना घट्ट चिकटते व अनेक एंझाइमे निकामी करते. मोठ्या मात्रेने येणारा मृत्यू बव्हंशी या क्रियांमुळे असतो.

कर्करोगाची प्रक्रिया याहून गुंतागुंतीची आहे. यकृतातील एक एंझाइम आर्सेनिकास मिथिल गट जोडते व ही संयुगे मूत्रावाटे बाहेर पडतात. पूर्वी ही विषहरणाची क्रिया समजली जात असे. परंतु मार्गात तयार होणारी काही त्रिसंयुजी मिथिल संयुगे मूळ आर्सेनाइटाहूनही अधिक विषारी असल्याचे पुढे दिसून आले. मूत्र ज्या मूत्राशयात साठते तेथे कर्करोग का होतो, याचा काही उलगडा यातून होतो. आर्सेनिक हे डीएनए या आनुवंशिक द्रव्यात थेट उत्परिवर्तने घडविणारे प्रभावी द्रव्य नाही. त्याचा परिणाम आडमार्गाने होतो : ते कोशिकेत क्रियाशील ऑक्सिजन-रूपे वाढविते, रंगसूत्रांची मोडतोड करते, जनुके चालू वा बंद ठेवणाऱ्या मिथिल खुणा बदलते आणि मुख्य म्हणजे डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांच्या कार्यात अडथळा आणते. या प्रथिनांपैकी काहींत जस्ताचा अणू गंधकाच्या आधारे बसविलेला असतो. ती जागा आर्सेनिक बळकावते. परिणामी तंबाखूचा धूर वा सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण यांनी होणारी इजा दुरुस्त न होता साचत जाते. आर्सेनिकयुक्त पाणी पिणाऱ्या व धूम्रपान करणाऱ्या व्यक्तींना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका विशेष असतो, तो यामुळेच. मानवी त्वचेच्या व मूत्राशयाच्या अस्तराच्या कोशिका प्रयोगशाळेत अत्यल्प आर्सेनाइटात कित्येक महिने वाढविल्या असता त्यांना कर्करोगाच्या कोशिकांचे गुणधर्म प्राप्त होतात, असेही दाखविण्यात आले आहे.

बहुतेक कर्करोगकारक द्रव्यांचा धोका प्रथम प्राण्यांवरील प्रयोगांत दिसतो. आर्सेनिकाबाबत क्रम उलटा होता. उंदरांमध्ये त्याने कर्करोग होत नसल्यामुळे दीर्घकाळ शंका घेतली जात असे. माणसांवरील पुरावा इतका ठाम होता की आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने प्राण्यांवरील पुराव्यावाचूनच १९८० मध्ये आर्सेनिकास मानवी कर्करोगकारक ठरविले. गर्भावस्थेत आर्सेनिक मिळालेल्या उंदरांना मोठेपणी गाठी होतात, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले.

याच द्रव्याचा एक उपयोगही सिद्ध झाला आहे. १९७० नंतरच्या दशकात चीनमधील हार्बिन येथील वैद्यांनी आर्सेनिक ट्रायऑक्साइड म्हणजे सोमलच रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगावर (तीव्र प्रोमायलोसाइटी श्वेतकोशिकार्बुद) वापरून पाहिला. या रोगास कारण असलेल्या विकृत प्रथिनास आर्सेनिक चिकटते व कोशिका त्या प्रथिनाचा नाश करते. रुग्णालयातील देखरेखीखाली, ठरावीक मात्रेत व ठरावीक काळ दिले जाणारे हे औषध आणि आयुष्यभर नकळत प्यालेले पाणी यांची तुलना होऊ शकत नाही.

महाराष्ट्र व परभणी जिल्हा : महाराष्ट्राला सर्वांत जवळचे ठळक उदाहरण गडचिरोली जिल्ह्याच्या सीमेपलीकडील अंबागड चौकी या भागात आढळते. तेव्हा मध्य प्रदेशात व आता छत्तीसगडमध्ये असलेल्या या भागातील कौडीकसा व शेजारच्या गावांच्या पाहणीचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे लिटरमागे ५०० मायक्रोग्रॅमांहून अधिक आर्सेनिक असलेले विहिरीचे पाणी व त्वचेवर लक्षणे असलेले रुग्ण आढळले. येथील आर्सेनिक नदीच्या गाळातील नसून प्राचीन ज्वालामुखीजन्य व ग्रॅनाइटी खडकांतील आहे. म्हणजेच हा प्रश्न केवळ गंगेच्या खोऱ्यापुरता मर्यादित नाही.

परभणी जिल्ह्याची स्थिती निराळी आहे. गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या खोऱ्यांतील हा प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्ट खडकांवर वसलेला आहे. बेसाल्टात आर्सेनिक सामान्यतः अत्यल्प असते आणि बंगालसारखा सेंद्रिय द्रव्ययुक्त जाड गाळही येथे नाही. अशा खडकांच्या प्रदेशात भूजलातील फ्लोराइड व नायट्रेट यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते. तथापि १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात विंधण विहिरींवरील अवलंबन वाढत गेले आणि पाणी अधिकाधिक खोलीवरून उपसले जाऊ लागले. खोल पाणी जंतूंपासून बहुधा सुरक्षित असते. त्यात कोणती द्रव्ये विरघळली आहेत हे मात्र खडकावर अवलंबून असते व ते रासायनिक परीक्षेवाचून कळत नाही.

प्रतिबंध : जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकाची मर्यादा १९५८ मध्ये लिटरमागे २००, १९६३ मध्ये ५० व १९९३ मध्ये १० मायक्रोग्रॅम अशी उत्तरोत्तर कमी केली. भारतीय मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीतही १० मायक्रोग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा आहे. पाणी उकळल्याने आर्सेनिक जात नाही; बाष्पीभवनामुळे त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. लोहाची हायड्रॉक्साइडे किंवा सक्रियित ॲल्युमिना यांवर ते शोषून घेता येते. त्वचेवर पावसाच्या थेंबांसारखे डाग व तळहातांवर गाठी दिसणे ही पूर्वसूचना समजून पाण्याचा उगम तत्काळ बदलणे आवश्यक असते. असे केल्याने पुढील संपर्क थांबतो. आधीच झालेल्या संपर्काचा धोका अनेक वर्षे टिकत असल्याने अशा व्यक्तींची वैद्यकीय तपासणी पाणी बदलल्यानंतरही चालू ठेवावी लागते.