वाळलेल्या फांदीची साक्ष

रविवारच्या मिस्सानंतर मुलाबाळांसह बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जाणारी कुटुंबे आपल्या धर्मग्रामांत पुष्कळ आहेत. परंतु या वनातील वनस्पतींची शास्त्रीय नोंद करण्यात एका कॅथलिक धर्मगुरूचा मोठा वाटा होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

मुंबईत निसर्गाच्या संघटित अभ्यासाचा पाया 15 सप्टेंबर 1883 रोजी घातला गेला. आठ मुंबईकरांनी त्या दिवशी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन केली. डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे त्यांपैकी दोघे. पुढे 1903 साली स्वित्झर्लंडचे येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर मुंबईत आले आणि 1906 साली त्यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिसंग्रहाचा आरंभ केला. फांदी दाबून वाळवावी, कागदावर डकवावी आणि खाली स्थळ, दिनांक व संग्राहकाचे नाव लिहावे, असे ते काम. दिसायला साधे, पण चिकाटीचे. खालची चिठ्ठी हरवली, तर नमुन्याचे शास्त्रीय मोल जवळजवळ संपते.

फादर ब्लॅटर यांनी वनस्पतींप्रमाणे माणसेही पारखली. वाणिज्याचे शिक्षण घेणाऱ्या तरुण सलीम अलींची खरी ओढ ओळखून त्यांनी त्यांना प्राणिशास्त्राकडे वळविले. हेच सलीम अली 1926 साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविज्ञान विभागात मार्गदर्शक व्याख्याते झाले. काचेआडच्या पक्ष्यांना त्यांच्या वाणीने जणू कंठ फुटला.

फादर ब्लॅटर 1934 साली निवर्तले. त्यांचा वारसा स्पेनहून आलेल्या फादर सांतापाव यांनी पुढे चालविला. बोरिवलीचे वन तेव्हा कृष्णगिरी राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखले जाई. तेथील वनस्पतींवरचा अभ्यास त्यांनी रांदेरिया यांच्यासह 1950च्या दशकात प्रसिद्ध केला. 1967 साली त्यांना पद्मश्री लाभली. ब्लॅटर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संग्रहात आज सुमारे दोन लाख नमुने आहेत.

अंधेरी, घाटकोपर, मुलुंडची शेते आणि रानमाळ आपल्या डोळ्यांदेखत इमारतींखाली गेले. एखाद्या जागी पूर्वी काय उगवत होते, हे वडीलधाऱ्यांच्या आठवणी मावळल्यावर कोण सांगणार? ती साक्ष वाळलेली फांदीच देईल. म्हणून संग्रहालय म्हणजे अडगळ नव्हे, ती आपल्या भूमीची जन्मनोंदवही आहे.

मात्र नोंदवही वाचणारे हवेत. सोसायटीचे निसर्गशिक्षण केंद्र गोरेगावात, राष्ट्रीय उद्यानाला लागून 33 एकरांत वसले आहे. तेथे निसर्गफेऱ्या होतात, शाळकरी मुले फुलपाखरे ओळखायला शिकतात. आपल्या मुलांना आपण परीक्षेच्या शिकवण्यांना आवर्जून धाडतो. एखादी सकाळ येथेही धाडू या. निर्मात्याची स्तुती आपण ओठांनी करतो. त्या दोघा धर्मगुरूंनी ती एकेका पानाचे नाव नीट लिहूनही केली.