काझरीची वाटचाल : थोडक्या ओलीवर झाड

जोधपूरला वर्षाकाठी साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पश्चिमेला जैसलमेरकडे जावे तसा तो दोनशेच्याही खाली उतरतो आणि जो पडतो तोही मोजक्या दिवसांत. अशा मुलखात १९५२ साली वाळवंट वनीकरण संशोधन केंद्र सुरू झाले. १९५७ मध्ये त्याला मृदसंधारणाची जोड मिळाली. पुढे युनेस्कोचे सल्लागार सी. एस. ख्रिश्चन यांच्या शिफारशीवरून १९५९ मध्ये त्याची केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था, म्हणजेच ‘काझरी’ झाली. १९६६ पासून ती भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अखत्यारीत आहे. नाव आणि खाते बदलले, तरी जिथे पाणी घालायला रोज कोणी जाणार नाही तिथे झाड कसे जगवायचे, हा प्रश्न तोच राहिला.

सुरुवात सरकत्या वाळूच्या टेकड्यांपासून झाली. वरून भाजून निघणाऱ्या टेकडीच्या पोटात पावसाळ्यानंतर बराच काळ ओल असते. वरचा कोरडा थरच खालची ओल उडू देत नाही. तेव्हा तिथे पाणीटंचाईइतकाच वाराही रोपाच्या मुळावर येतो. रोप एक तर गाडले जाते, नाहीतर उघडे पडते. म्हणून काझरीने कामाचा क्रम ठरवून दिला. आधी कुंपण घालून चराई थांबवायची. मग सिनिया, खींप, बुई अशा स्थानिक झुडपांच्या फांद्या वाऱ्याला आडव्या ओळींत किंवा चौकटींत रोवायच्या. पहिला चांगला पाऊस झाला की त्या आडोशात रोपे खोल लावायची आणि मधल्या जागेत सेवण गवत पेरायचे. त्यानंतरची सारी भिस्त वाळूतल्या ओलीवर.

१९५८ मध्ये आणलेली इस्रायली बाभूळ या कामी उपयोगी ठरली. ती झपाट्याने वाढते, सरपण देते आणि वाळू धरून ठेवते. पण दाट लागवडीत काही वर्षांनी झाडांमध्येच ओलीसाठी ओढाताण सुरू होते आणि खाली गवतही धड उगवत नाही. झाड जगले म्हणजे भागले नाही, जमिनीच्या ऐपतीइतकीच झाडे लावली पाहिजेत, हा हिशेब त्यातून पुढे आला.

जिथे थोडेफार पाणी वाहून नेता येते, तिथल्यासाठी संस्थेने दुहेरी भिंतीचे मातीचे भांडे तयार केले. त्याचे नाव ‘जलतृप्ती’. साधा माठ जमिनीत पुरला तर तो चहूबाजूंनी पाझरतो आणि रोपाच्या वाट्याला त्यातला एकच भाग येतो. जलतृप्तीत रोप मधल्या पोकळीत लावतात आणि पाणी दोन भिंतींच्या मधे भरतात. बाहेरची भिंत न पाझरणारी केलेली असते, त्यामुळे पाणी आतल्या बाजूला, मुळांकडेच झिरपते.

बोराच्या बाबतीत बचत रोपवाटिकेतूनच सुरू झाली. खालून बंद पिशवीत सोटमूळ गुंडाळले जाते आणि असे रोप पुढे खोल जाऊ शकत नाही. काझरीने त्यासाठी दोन्ही तोंडे उघडी असलेल्या लांब प्लास्टिकच्या नळ्या वापरल्या. दुसरी वाट अशी की, रानबोरीचे खुंटरोप शेतातच वाढू द्यायचे आणि नंतर त्यावर जागेवरच डोळा भरायचा. सोलापूर-नगरकडच्या बोर बागायतदारांना ही रीत सांगायला नको. झाडाभोवतीची जमीन बुंध्याकडे उतरती ठेवली की हलकी सरही कामी येते. ‘गोला’सारख्या लवकर येणाऱ्या जातीचे फळ जमिनीतली ओल संपण्याआधी हाती लागते.

अलीकडच्या टप्प्यात भर उत्पन्नावर आहे. कुमट या डिंक देणाऱ्या झाडाच्या खोडात उत्तेजक द्रव्य सोडून डिंक जास्त मिळवण्याचे तंत्र काझरीने शेतकऱ्यांपर्यंत नेले. डिंक विकला जाऊ लागला की बांधावरच्या कुमटावर सहसा कोणी कुऱ्हाड चालवत नाही.

संस्थेपुढचे आजचे मोठे काम मात्र खेजडीचे, म्हणजे आपण दसऱ्याला पूजतो त्या शमीचे आहे. शेतात ती आपसूक उगवते. तिच्याखाली बाजरी, मटकी पिकते, तिचा पाला जनावरांना होतो आणि कोवळ्या शेंगांची, सांगरीची, भाजी घरोघर होते. तिला कोणी पाणी घालत नाही. बैलाच्या नांगरामागचा शेतकरी तिचे रोप चुकवून जायचा. ट्रॅक्टरच्या तव्यांखाली ते पिकाच्या धसकटांबरोबर उपटले जाते. त्यात जुन्या झाडांना मूळकूज आणि खोडकिडीने ग्रासले आहे. काझरीने रोगकिडीचे उपाय सांगितले आहेत, खेजडीवरही डोळा भरून पाहिला आहे. पण पाण्याचा थेंबही न मागणारी लागवड दर पावसाळ्यात शेतात आपणहून होत असते आणि ती वाचवणे ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या हातात आहे. संस्थेचे तंत्र त्याच्यापर्यंत पोचले नाही, तर बाकीच्या साऱ्या युक्त्या हातचे गेलेले भरून काढण्यातच खर्ची पडतील.