पृथ्वी कशावर टेकली आहे?

परभणी जिल्ह्यातलं पाथरी अलीकडे बातम्यांमध्ये आलं ते साईबाबांच्या जन्मस्थानाच्या वादामुळे. पाचशे वर्षांपूर्वीही या गावावरून भांडण होतं, पण ते मालकीचं. वऱ्हाडची इमादशाही आणि अहमदनगरची निजामशाही पाथरीसाठी एकमेकांशी लढल्या. त्याच सुमाराला पाथरीत राहणारा एक माणूस तिसराच वाद घालत होता. पृथ्वी आकाशात कशी राहिली आहे, हा त्याचा विषय होता. त्याचं नाव ज्ञानराज. संस्कृत ग्रंथांत पाथरीला पार्थपूर म्हणतात. या पार्थपुरात इ. स. १५०३ च्या सुमारास त्याने 'सिद्धान्तसुंदर' हा ज्योतिषग्रंथ लिहिला. वादातला त्याचा प्रतिपक्ष त्याच्या साडेतीनशे वर्षं आधी लिहून गेला होता. तो प्रतिपक्ष म्हणजे भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचं म्हणणं आधी पाहू, कारण ते आज आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर अर्धवट येऊन पोचलेलं असतं. 'सिद्धान्तशिरोमणी' (इ. स. ११५०) या ग्रंथाच्या गोलाध्यायात ते विचारतात की पृथ्वीला कुणीतरी धरलंय असं मानलं, तर त्या धरणाऱ्याला कोण धरतं? त्यालाही कुणी धरलं असेल, तर पुढचा कोण? ही साखळी संपत नाही. शेवटी कुठेतरी 'हा स्वतःच्याच शक्तीने राहतो' असं म्हणावंच लागणार असेल, तर ते पृथ्वीबद्दलच का म्हणू नये? अग्नीत उष्णता असते, दगडात कठीणपणा असतो, तसं स्थिर राहणं हा पृथ्वीचा स्वभाव. याच ओघात ते सांगतात की पृथ्वीच्या अंगी आकर्षणाची शक्ती आहे. आकाशातल्या जड वस्तूला ती आपल्याकडे ओढते, आणि आपल्याला ती वस्तू पडल्यासारखी दिसते. पृथ्वीभोवती सगळीकडे आकाश सारखंच असल्यावर ती स्वतः पडणार तरी कुठे?

बाराव्या शतकातला हा युक्तिवाद आजही वाचताना आनंद देतो. पण 'न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी आम्ही गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला' हे त्यातून निघत नाही. अंतर वाढलं की ओढ किती कमी होते, याचा नियम तिथे नाही. पृथ्वीची ओढ चंद्रापर्यंत पोचते, असंही तिथे नाही. ग्रहताऱ्यांचं रोजचं फिरणं भास्कराचार्य परंपरेप्रमाणे प्रवह नावाच्या वाऱ्यावर सोपवतात. म्हणजे दगड पडतो तो दुरून ओढल्यामुळे, आणि तारे फिरतात ते वाऱ्याने ढकलल्यामुळे. एकाच ग्रंथात न टेकता घडणारी क्रिया आहे आणि टेकून घडणारीही आहे.

आपला रोजचा शब्द या गोंधळाची साक्ष देतो. 'गुरुत्व' हा वैशेषिक दर्शनातला शब्द आहे. वस्तू पडते ती तिच्याच अंगच्या जडपणामुळे, असं ते दर्शन मानतं, त्यात पृथ्वीने ओढण्याचा संबंध नाही. 'आकर्षण' म्हणताना मात्र कर्तेपण पृथ्वीकडे जातं. 'गुरुत्वाकर्षण' या एका शब्दात पडण्याची दोन वेगवेगळी स्पष्टीकरणं शेजारी बसली आहेत. वैशेषिकांनी लोहचुंबकाकडे सरकणाऱ्या सुईचाही विचार केला होता. तिच्या हालचालीचं कारण त्यांनी 'अदृष्ट' असं दिलं. दोन वस्तूंच्या मध्ये काहीच दिसत नाही, तरी हालचाल होते, ही अडचण त्यांनी निदान नोंदवून ठेवली.

आता ज्ञानराजाकडे येऊ. तो अडाणी नव्हता. पृथ्वी गोल आहे हे त्याला मान्य होतं, ग्रहणांचं आणि ग्रहगतींचं गणित हा त्याचा व्यवसाय होता. पण पुराणांत शेष, कूर्म, वराह पृथ्वीला धरून आहेत आणि सिद्धान्तग्रंथांत ती निराधार आहे, हा विरोध त्याला मिटवायचा होता. शिवाय पृथ्वीच्या 'स्वतःच्या शक्ती'ने त्याचं समाधान होत नव्हतं. त्याने उदाहरण घेतलं गिधाडाचं. बेताच्या ताकदीचा हा पक्षी चोचीत साप धरून प्रहरभर आकाशात राहू शकतो. मग ज्याच्या सामर्थ्याची कल्पनाही करता येत नाही, त्या कूर्मरूप देवाने कल्पभर पृथ्वी पेलली तर त्यात अशक्य काय?

आज हे वाचून हसू येईल. पण उदाहरण नीट बघण्यासारखं आहे. भास्कराचार्य विचारतात, धरणाऱ्याला कोण धरतं? ज्ञानराज दाखवतो तो असा धरणारा, जो कशावरही टेकलेला दिसत नाही. मात्र गिधाडालाही आधार असतोच. पंख न हलवता ते वर राहतं ते तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेमुळे. आधार आहे, फक्त दिसत नाही. ज्ञानराजाला हे म्हणायचं नव्हतं, आणि त्याच्या तोंडी ते घालणं म्हणजे मोबाइलवरच्या त्या दाव्याचीच दुसरी आवृत्ती होईल. मला महत्त्वाची वाटते ती त्याची अस्वस्थता. 'स्वभावच आहे' या उत्तरावर थांबायला तो तयार नव्हता. त्याने दिलेलं उत्तर टिकलं नाही, पण ती अस्वस्थता पुढे फार मोठ्या माणसांना छळणार होती.

युरोपात ती सगळ्यात आधी समुद्राच्या काठावर दिसते. भरती-ओहोटीचं कारण चंद्राची ओढ आहे, असं केप्लरने १६०९ मध्ये लिहिलं. १६३२ च्या आपल्या 'संवादा'त गॅलिलिओने त्याला टोमणा मारला की एवढ्या बुद्धीच्या माणसाने पाण्यावर चंद्राची सत्ता मानावी आणि असल्या गूढ गुणांवर विश्वास ठेवावा, याचं नवल वाटतं. गॅलिलिओला दुरून होणाऱ्या क्रियेत फलज्योतिषाचा वास येत होता. भरतीच्या बाबतीत केप्लर बरोबर होता आणि गॅलिलिओ चूक. पण चुकला तो विवेकाची बाजू घेतानाच.

मग १६८७ मध्ये न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' आला. सफरचंद, चंद्र, भरती, धूमकेतू, सगळे एकाच नियमात बसले. अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाई. पण दोन वस्तूंच्या मध्ये नेमकं काय घडतं? न्यूटनने १६९३ मध्ये रिचर्ड बेंटलीला पत्रात लिहिलं की मधल्या पोकळीतून, कशाच्याही मध्यस्थीशिवाय, एका निर्जीव वस्तूने दुसरीवर परिणाम करावा ही कल्पना त्याला इतकी असंबद्ध वाटते, की विचार करण्याची क्षमता असलेला कुणी ती मान्य करेल असं त्याला वाटत नाही. नियम शोधणाऱ्याचंच हे मत होतं. लायब्नित्झने तर न्यूटनवर गूढ गुण परत आणल्याचा आरोप केला. १७१३ च्या आवृत्तीत न्यूटनने जाहीर केलं की गुरुत्वाच्या कारणाबद्दल आपण तर्क लढवत नाही. गणित जमतं आहे, तेवढं पुरे.

पुढची दीडशे वर्षं 'तेवढं पुरे'वर निघाली. ते मोडलं बुकबाइंडरच्या दुकानात शिकाऊ असलेल्या मायकेल फॅरडेने. कागदावर लोखंडाचा कीस पसरून खाली चुंबक धरला की कीस वळणावळणाच्या रेषांत बसतो. शाळेत आपण सगळ्यांनीच हे केलेलं असतं. फॅरडेच्या मते या रेषा मधल्या जागेची अवस्था दाखवतात. चुंबक दूरच्या सुईला ओढत नाही. तो आसपासची जागा बदलतो, आणि सुई तिला टेकून असलेल्या जागेला प्रतिसाद देते. मॅक्सवेलने १८६५ मध्ये याचं गणित मांडलं, आणि त्यातून निघालं की हा बदल प्रकाशाच्या वेगाने पसरतो. 'क्षेत्र' ही कल्पना रुजली. दूरची क्रिया शेजारच्या क्रियांची साखळी ठरली.

गुरुत्वाकर्षणाला ही साखळी आइन्स्टाइनने १९१५ मध्ये जोडली. न्यूटनच्या नियमाप्रमाणे सूर्य या क्षणी नाहीसा झाला, तर पृथ्वीला ते याच क्षणी कळेल. आइन्स्टाइनच्या सिद्धान्तात आठ मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागेल. वस्तुमान अवकाश-काळाला बाक देतं आणि तो बाक लहरींसारखा पसरू शकतो. या गुरुत्वीय लहरींचं भाकीत १९१६ चं.

इथे प्रकरण मिटलं असं वाटत असताना एक मराठी माणूस उलट्या बाजूने वादात उतरला. मराठी वाचक जयंत नारळीकरांना विज्ञानकथांमुळे ओळखतात. पण केंब्रिजमध्ये तरुण वयात त्यांनी आपले गुरू फ्रेड हॉइल यांच्यासह जे काम हाती घेतलं, त्याचा विषयच 'दुरून घडणारी क्रिया' हा होता. व्हीलर आणि फाइनमन यांनी १९४५ मध्ये सुचवलं होतं की क्षेत्र ही मधली गोष्ट वगळून विद्युतभारांना थेट एकमेकांवर क्रिया करू द्यावी, फक्त प्रकाशाच्या वेगाने, तत्काळ नव्हे. अडचण अशी, की त्या समीकरणांत क्रिया भविष्याकडे जाते तशी भूतकाळाकडेही जाते. त्यावरचा उपाय म्हणजे विश्वातल्या उरलेल्या सगळ्या पदार्थाचा प्रतिसाद हिशेबात धरायचा, आणि मग भूतकाळाकडे जाणारा भाग कटतो. हॉइल आणि नारळीकर यांनी ही पद्धत विश्वरचनेशी जोडली आणि १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा असाच सिद्धान्त मांडला. त्यात वस्तूचं जडत्व हा तिचा एकटीचा गुण राहत नाही, ते विश्वातल्या इतर सगळ्या वस्तूंमुळे येतं. १९७४ मध्ये या विषयावर दोघांचं पुस्तक निघालं. मुख्य प्रवाहाने हा मार्ग स्वीकारला नाही. पण तो चुकीच्या समजुतीतून आलेला नव्हता. गणिताने आणि निरीक्षणाने तपासता येईल अशा रूपातच तो मांडलेला होता.

याच नारळीकरांनी पुढे पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे त्यांच्याबरोबर होते. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका द्यायच्या आणि मूल कोणत्या गटातलं ते विचारायचं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, आणि सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणं उडवून एवढं जमतं. 'इतक्या लांबचा शनी माणसावर कसा परिणाम करेल?' हा प्रश्न नारळीकरांना चाचणीसाठी लागलाच नाही. अंतर हा त्यांचा आक्षेप नव्हता. परिणाम होतो का, तो मोजता येतो का, एवढंच त्यांनी पाहिलं. गॅलिलिओची गफलत इथे टळली. दुरून होणारी क्रिया गूढ वाटते म्हणून ती नाकारायची नाही, आणि गूढ वाटते म्हणून मानायचीही नाही.

पुंजभौतिकीने हा प्रश्न पुन्हा उघडा केला आहे. एकत्र जन्मलेल्या दोन कणांपैकी एकावर मोजणी केली, की दुसऱ्याचं उत्तर तिच्याशी असं जुळतं, की आधीच ठरवून दिलेल्या उत्तरांनी ते साधता येत नाही. आइन्स्टाइनने याला दुरून चालणारी भुताटकी म्हटलं. जॉन बेलने १९६४ मध्ये त्याची कसोटी सांगितली, आणि ती प्रयोगात उतरवणाऱ्या आस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं. या जुळणीतून निरोप पाठवता येत नाही, एवढं नक्की. पण मध्ये काय आहे, यावर भौतिकशास्त्रज्ञांत अजून एकमत नाही.

गुरुत्वाकर्षणापुरतं मात्र उत्तर मिळालं. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगोच्या दोन यंत्रांनी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूरच्या दोन कृष्णविवरांच्या टकरीतून निघालेली लहर पकडली. गोंगाटातून असा संकेत वेगळा काढण्याच्या पद्धतीवर पुण्याच्या 'आयुका'त संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून काम केलं होतं. मग १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची लहर आली, आणि पाठोपाठ १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले. सुमारे तेरा कोटी वर्षांच्या प्रवासात फरक दोन सेकंदांहून कमी. गुरुत्वाकर्षण प्रकाशाच्याच वेगाने पोचतं. न्यूटनला जे असंबद्ध वाटत होतं, ते खरोखरच तसं घडत नाही.

अशी यंत्रं जगात वेगवेगळ्या ठिकाणी असली, तर लहर कुठून आली ते अधिक नेमकं सांगता येतं. म्हणून तिसरं लायगो भारतात होत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. जागा ठरली हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. हिंगोली १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होता. पाथरी ते औंढा अंतर सरळ रेषेत सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे. तिथे काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या असतील, टोकांना आरसे, आणि आरशांमधल्या अंतरातला प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका बदल टिपायची तयारी. औंढ्याची जुनी ओळख म्हणजे नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरल्याची कथा. ती श्रद्धेची गोष्ट आहे आणि तिला यंत्राची गरज नाही.

यंत्र सुरू झालं की परभणी-हिंगोलीच्या शाळांच्या सहली तिथे जातील. मुलांना 'हे सगळं आपल्याकडे आधीच होतं' असं सांगणं सोपं पडेल, आणि 'आपल्याकडे काहीच नव्हतं' असं सांगणंही तितकंच सोपं. दोन्हींपेक्षा खरी गोष्ट अशी, की आपल्याकडे एक वाद होता. भास्कराचार्यांचं म्हणणं ज्ञानराजाने खोडलं. ज्ञानराजाचा मुलगा सूर्यदास पुढे भास्कराचार्यांच्याच 'बीजगणित' आणि 'लीलावती'वर टीका लिहून गेला. म्हणजे घरातही एकाच बाजूचे लोक नव्हते. त्या वादात मोजमाप नव्हतं, म्हणून तो निकाली निघाला नाही. औंढ्याला आता मोजमापाची सोय होते आहे. सहलीच्या आदल्या दिवशी वर्गात फळ्यावर भास्कराचार्यांचा प्रश्न आणि ज्ञानराजाचं गिधाड, दोन्ही मांडावं, आणि गिधाड कशावर टेकलं आहे, ते मुलांना विचारावं.