ऑलिव्हवरील साल-भुंगेरा

भूमध्य समुद्राभोवतालच्या देशांतील ऑलिव्ह वृक्षांवर जगणारा एक लहान उपद्रवी कीटक. शास्त्रीय नाव फ्लिओट्रायबस स्कॅरॅबिऑयडीझ. कोलिऑप्टेरा गणाच्या कर्क्युलिओनिडी कुलातील स्कॉलिटिनी उपकुलात त्याचा समावेश करतात. इ. स. १७८८ मध्ये बेर्नार या फ्रेंच अभ्यासकाने त्याचे वर्णन केले. प्रौढ भुंगेरा सु. २ मिमी. लांब व काळसर असून त्याच्या शृंगिकांची टोके पंख्यासारखी विभागलेली असतात.

या कीटकाच्या संख्येतील चढउतारांचा इतिहास हा मुख्यतः छाटलेल्या लाकडाचा इतिहास आहे. निरोगी फांदीत मादी सहसा अंडी घालीत नाही. त्यासाठी तिला नुकतीच तोडलेली किंवा दुर्बल झालेली फांदी लागते. हिवाळ्याच्या अखेरीस व वसंत ऋतूत बागांची छाटणी होते, तेव्हा असे लाकूड विपुल मिळते. सालीखाली अळ्या वाढून नवे भुंगेरे बाहेर पडेपर्यंत ते वाळून निरुपयोगी झालेले असते. मग भुंगेरे हिरव्या झाडांकडे वळतात व अन्नासाठी डहाळ्यांच्या बेचक्यांत छिद्रे पाडतात. अशा डहाळ्या मोडून त्यांवरील फुलोरा व फळे वाया जातात.

ऑलिव्हचे लाकूड उत्तम सरपण असल्याने शेतकरी ते पुढील हिवाळ्यासाठी रचून ठेवतात. या ढिगांजवळच्या बागांचे नुकसान सर्वाधिक होते. एकाच्या सरपणाची झळ शेजाऱ्याच्या पिकास लागते. कडाक्याच्या थंडीनंतरही धोका वाढतो. फेब्रुवारी १९५६ मध्ये प्रॉव्हांसमधील असंख्य वृक्ष गोठून करपले. अशा वेळी उरणारे मृतप्राय लाकूड भुंगेऱ्यांच्या वाढीस अनुकूल ठरते.

तोडलेल्या लाकडाकडे भुंगेरे कसे ओढले जातात, याचा उलगडा स्पेनमधील ग्रानाडा येथील संशोधनातून १९९० नंतरच्या दशकात झाला. अशा लाकडातून बाहेर पडणारा एथिलीन वायू त्यांना आकर्षित करतो, असे दिसून आले.

सालीखालील अळ्यांपर्यंत कीटकनाशके सहज पोहोचत नसल्याने लाकडाची व्यवस्था हाच प्रमुख उपाय होय. छाटलेले लाकूड भुंगेरे बाहेर पडण्यापूर्वी जाळतात, बारीक करतात वा बंदिस्त जागी ठेवतात. काही फांद्या आमिष म्हणून बागेत ठेवून अळ्यांसह नष्ट करण्याचीही पद्धत आहे. चिरोपॅकस क्वाड्रम ही परजीवी गांधीलमाशी अळ्यांवर उपजीविका करते. मात्र लाकूड जाळताना त्यातील हे नैसर्गिक शत्रूही नष्ट होतात. एकट्या बागायतदाराने काळजी घेऊन भागत नाही. संपूर्ण गावाने ठराविक मुदतीत लाकूड हलविले, तरच या किडीस आळा बसतो.