ग्रंथाचं टेकण

आळंदीकराने बाहेरची कामं कार्तिकी यात्रेच्या आत उरकावीत, असा आमच्या घरचा अलिखित नियम आहे. एकदा यात्रा भरली की कोथिंबिरीची जुडी आणायलाही दिंड्यांमधून वाट काढावी लागते. म्हणून गेल्या कार्तिकात एका सकाळी आम्ही दोघं यादी घेऊन निघालो. हयातीचा दाखला, ह्यांच्या गोळ्या, स्क्रू, पॉलिश पेपर आणि शेवटी लाकूड.

लाकूड माझ्यासाठी होतं. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून मला मांडी घालता येत नाही. इतकी वर्षं पाटावर बसून, समोरच्या बुटक्या चौरंगावर ज्ञानेश्वरी ठेवून वाचत आले. खुर्चीवर बसून ग्रंथ मांडीवर घेतला तर मान धरते, हातात धरला तर मनगटं. त्यामुळे गेल्या वर्षी पारायण अकराव्या अध्यायावरच थांबलं होतं. हे मी कुणाला बोलले नाही, पण ह्यांच्या लक्षात आलं असावं. एका रात्री जुन्या बिलाच्या पाठीवर ह्यांनी चित्र काढून दाखवलं. उंच पायांचा, उतरत्या फळीचा स्टँड, खाली ग्रंथ घसरू नये म्हणून पट्टी. "खुर्चीची उंची मोजून घेतलीय," एवढंच म्हणाले.

पहिला मुक्काम बँकेत. पूर्वी हयातीच्या दाखल्यासाठी साहेबांसमोर सही केली की काम व्हायचं. २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' आलं आणि अंगठा लावायची सोय झाली. पण ह्यांचा जन्म पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये लोखंड घासण्यात गेला. अंगठ्यावरच्या रेषा कधीच्याच झिजल्यात. चार वेळा मशीनने नकार दिला, पाचव्यांदा दुसऱ्या बोटावर काम झालं. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "संजीवन समाधीच्या गावात आपण जिवंत असल्याचा पुरावा देत फिरतोय!" मी हसले. पण रिक्षात बसताना ह्यांनी उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला होता, तेही पाहिलं. वर्षभरापासून तो हात थोडा थरथरतो. आम्ही दोघंही त्याविषयी फारसं बोलत नाही.

इंद्रायणीच्या पुलावरून जाताना पाण्यावर पांढरा फेस तरंगत होता. अलीकडे तो वरचेवर दिसतो. वरच्या अंगाच्या वस्त्यांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं रसायनमिश्रित पाणी, दोन्ही याच नदीत येतं. लांबून आलेला वारकरी त्याच पाण्याला हात जोडतो. मी मान फिरवली, आणि मग मान फिरवल्याचीच लाज वाटली. ह्यांची पेन्शन याच पट्ट्यातून येते ना!

चाकण रस्त्याच्या बाजूला एक वखार आहे. तिथे पॅकिंगचं लाकूड मिळतं. आमच्या लहानपणी त्याला देवदारी खोकी म्हणायचे. आता सगळे 'पाइनवूड' म्हणतात. परदेशातून यंत्रं नि सुटे भाग ज्या पेट्यांतून येतात, त्या फोडून फळ्या विकतात. पूर्वी हे हवं तर कुदळवाडीला जायचो. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली हजारो बांधकामं पाडली. तेव्हापासून जवळ मिळेल तिथून घेतो.

माझ्या पिढीच्या शिक्षकांना चाकण म्हणजे १६६० चा फिरंगोजी नरसाळा आणि पुढे कांद्याचा बाजार. शाहिस्तेखानाच्या फौजेपुढे तो छोटा भुईकोट जवळजवळ दोन महिने कसा लढला, हे मी वर्गात किती वेळा सांगितलं असेल! त्या पलीकडे चाकणला इतिहास आहे हे मलाही उशिरा कळलं. पिंपरीला १९५४ मध्ये सरकारने पेनिसिलिनसाठी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स काढली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. मग कारखाने भोसरी, आकुर्डी करत पसरले आणि २००९ मध्ये तर चाकणला फोक्सवॅगनचा जर्मन कारखाना उभा राहिला. पेट्या आल्या त्या या वाटेने.

ह्यांनी एक फळी उलटून दाखवली. वर शिक्का होता, गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह, त्यापुढे देशाची अक्षरं 'डीई' आणि खाली 'एचटी'. डीई म्हणजे जर्मनी. एचटी म्हणजे लाकूड तापवलेलं आहे, गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, निदान सलग तीस मिनिटं. हा नियम २००२ चा. त्याआधी १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये धडधाकट झाडं आशियातल्या एका भुंगेऱ्याने पोखरलेली सापडली. तो पॅकिंगच्या लाकडात बसून समुद्र ओलांडून आला असावा, असं अभ्यासकांचं मत झालं. तेव्हा जगाला कळलं की पेटीतल्या मालाइतकंच पेटीकडेही लक्ष द्यायला हवं. (मंडळी, तुम्ही कधी असं लाकूड घेतलंत तर 'एमबी' शिक्क्याचं घरात आणू नका. ते मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं असतं.)

चार फळ्या निवडल्या. गाठी कमी, ओल नाही. येताना प्रदक्षिणा मार्गावर स्क्रू आणि पॉलिश पेपर घेतला, गोळ्या घेतल्या आणि जेवायला घरी.

दुपारी रंधा फिरला आणि घरभर राळेचा वास सुटला. खुर्चीत बसून मी ते बघत होते आणि मास्तरीण असल्याने डोक्यात सनावळी सुरू झाली. या ग्रंथाला आजवर कोणी कोणी टेकण दिलं? शके १२१२, म्हणजे १२९० मध्ये, माउलींनी नेवाशाला तो सांगितला. ज्या दगडी खांबाला टेकून सांगितला म्हणतात, तो पैसाचा खांब आजही तिथे आहे. लिहून घेतला सच्चिदानंदबाबांनी. पुढे तीनशे वर्षांत हाती केलेल्या नकलांमध्ये पाठ बिघडत गेले, तेव्हा १५८४ मध्ये पैठणला एकनाथांनी प्रत शुद्ध केली. १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ती शिळाछापावर छापली. म्हणजे पुन्हा दगडच, पण या दगडाने पोथी घराघरांत जाण्याची वाट मोकळी केली. आणि १९१७ मध्ये विष्णुबुवा जोगांनी इथे आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, ती कुठल्याही घरातल्या मुलाला ग्रंथ नीट शिकता यावा म्हणून.

वर्गात मी ही यादी पाच पराक्रम म्हणून शिकवायची. त्या दुपारी ती वेगळी दिसली. प्रत्येकाने आपल्या काळात जो वाचक अडला होता, त्याच्या नजरेसमोर ग्रंथ आणून ठेवला. कुणाला संस्कृत येत नव्हतं, कुणाच्या हाती चुकीची प्रत होती, कुणाकडे प्रतच नव्हती. माझी अडचण त्यांच्यापुढे काहीच नाही. पण आहे त्याच जातीची.

"अगं, जरा इकडे ये," ह्यांची हाक आली. फळीवर पेन्सिलची रेघ होती, काटकोनात, अगदी केसाएवढी बारीक. करवत रेघेवर ठेवली होती आणि हात थरथरत होता. आयुष्यभर ज्या हाताने मिलिमीटरचा शंभरावा भाग सांभाळला, तो आता रेघेवर थांबत नव्हता. "माझ्या हाताचा भरवसा नाही. तू काप, मी फळी धरतो."

"अहो, मला कुठे येतं?"

"येत नाही ते शिकवतो की. तू इतक्या पोरांना शिकवलंस."

मी खुर्चीवर बसूनच कापलं. फळी स्टुलावर, तिच्यावर ह्यांचे दोन्ही हात, आणि फळी दाबून धरताना थरथर बरीच कमी झाली होती. सुरुवातीला माझी करवत रेघ सोडून गेली. ह्यांनी नुसतं "हळू. ओढताना जोर नको, ढकलताना" एवढं सांगितलं. एवढ्या मऊ लाकडाला मला अर्धा तास लागला. काप तिरकाच आला. हे म्हणाले, पॉलिश पेपरने जाईल. गेला नाही.

स्टँड दोन दिवसांनी उभा राहिला. तिरक्या कापामुळे एक पाय किंचित आखूड आहे. त्याखाली पुठ्ठ्याची घडी घातली आहे. मागच्या बाजूला जर्मनीचा शिक्का तसाच ठेवायला मी सांगितलं. रंध्याखाली तो गेला असता, पण इतिहास शिकवणाऱ्या बाईने पुरावा पुसू नये!

यात्रेत बाहेर टाळ-मृदंग चालू असताना मी आत खुर्चीवर बसून बारावा अध्याय उघडला. मान सरळ, हात मोकळे. हे शेजारी ऐकत बसले होते, उजवा हात स्टँडच्या कडेवर ठेवून. असो. अठरावा अध्याय माघात संपला.